मुदत संपलेल्या पाहुण्याबरोबर लातूरला

नांदेडजवळच्या विष्णुपुरीहून लातूर एसटीने साडेतीन तासांवर आहे. तेवढं अंतर कापायला मला सहा वर्षं लागली, आणि शेवटी गेलो तेही स्वतःहून नाही. गेल्या वर्षी मार्गशीर्षात, यासिर नावाच्या एका सुदानी मुलासोबत, काखेत कागदांची फाईल धरून गेलो. लोक काश्मीरचं लिहितात, युरोपचं लिहितात. मी लोहा-अहमदपूर-चाकूर या रस्त्याचं लिहितो आहे. हा रस्ता बघायला कुणी मुद्दाम जात नाही. पण येळवशीच्या दिवशी एकदा जावं, असं मला आता मनापासून वाटतं.

विष्णुपुरी

आधी घरचं सांगतो, नाही तर पुढचं कळणार नाही.

विष्णुपुरीत कॉलेजच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि दुकानामागे घर. वडिलांनी हा प्लॉट घेतला तेव्हा मी शिकत होतो, म्हणून तो थोरल्या भावाच्या, दादाच्या नावावर झाला. दादा लातूरला एका डाळ मिलमध्ये कामाला. गावाकडची शेतीही तोच बघतो. घर त्याच्या नावावर आणि राहणार मी, यात आम्हा दोघांना कधी वावगं वाटलं नव्हतं. मग मी घरावर दोन खोल्या चढवल्या. दादाला विचारलं नाही, बांधकामाची परवानगीही काढली नाही. दादाला ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं. त्याचा फोन आला, "शिवा, सांगायचं तरी व्हतं." एवढंच म्हणाला तो. मला मात्र ते झोंबलं. "घर तुझ्या नावावर आहे ना? मग घे काढून," असं म्हणून मी फोन ठेवला. त्यानंतर सहा वर्षं आमचं बोलणं नाही. वहिनींचं ऑपरेशन झालं तेव्हाही मी गेलो नाही.

त्या चढवलेल्या खोल्यांपैकी एकीत यासिर राहायला आला. सुदानच्या पूर्वेकडचा, पंचविशीतला, दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतका उंच. इंजिनिअरिंगला होता. महिन्याभरात तो माझ्या बायकोचा, मंगलचा, शागीर्द झाला. मराठी तिच्याकडूनच शिकला, त्यामुळे बोलायचाही तिच्यासारखा. "काकू, भूक लागून राहिली," म्हणत जिना उतरायचा. बाहेरून आलेली पोरं पहिले सहा महिने भाकरीला नाकं मुरडतात. हा पहिल्या दिवसापासून ज्वारीची भाकरी अशी खायचा, जशी जन्मापासून खात आला आहे. असं का, हे मी कधी विचारलं नाही.

त्याचा एक विषय राहिला, शिक्षण सहा महिने लांबलं. व्हिसाची मुदत वाढवून घ्यायला हवी होती. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागत होता: हा मुलगा माझ्या घरी राहतो, एवढंच लिहिलेला. यासिरने तो माझ्याकडे चार वेळा मागितला. मी दिवसभर लोकांचे कागद छापणारा माणूस, पण मालक मी नव्हतो. सही दादाची लागणार होती, आणि सहीसाठी दादाला फोन करावा लागणार होता. शिवाय कागदावर विनापरवान्याची खोली येणार होती. मी यासिरला सांगितलं, "माझा भाऊ सही देत नाही रे. फार कडक माणूस आहे."

हे खोटं होतं. मी दादाला विचारलंच नव्हतं.

मुदत संपली. मी म्हणालो, "काही होत नाही. तू घरचा आहेस. घरच्या माणसाला कोण कागद विचारतं?" आमच्याकडे पाहुण्याला किती दिवस राहणार असं विचारत नाहीत. त्या चांगल्या रिवाजामागे मी माझा भित्रेपणा लपवला, आणि यासिरने तो पाहुणचार समजून घेतला.

त्यानंतरचे दहा महिने तो त्या खोलीत कसा राहिला, हे मी रोज पाहत होतो. नांदेडला जाणं त्याने बंद केलं. संध्याकाळी धरणाच्या बाजूला फिरायला जायचा, तेही बंद केलं. एकदा तो दुकानात माझ्याशी बोलत उभा असताना एक पोलीस आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आला. मी वळून पाहिलं तर यासिर नाही. एवढा उंच मुलगा मशीनमागे, कागदाच्या रिमांमध्ये अंग चोरून बसला होता. पोलीस बिचारा दोन प्रती घेऊन गेला. यासिर उठला, गुडघे झटकले आणि माझ्याकडे बघून हसला, मला वाईट वाटू नये म्हणून. मला ते हसणं अजून आठवतं.

मग त्याच्या देशात लढाई गावापर्यंत आली. आई आणि बहीण कशाबशा कैरोला पोचल्या. तिथे आई आजारी पडली. इजिप्तने यासिरला यायची परवानगी दिली, पण त्या परवानगीला महिनाअखेरची मुदत होती. आणि मुदतीबाहेर राहिलेल्या माणसाला इथून निघायलाही परवानगी लागते. आम्ही दोघं नांदेडला, परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हा इतके दिवस कुठं राहत होता, त्याचा घरमालकाच्या सहीचा जबाब आणा. मालक तुम्हीच ना?"

"माझा भाऊ."

"मग भावाची सही आणा. परवा दुपारपर्यंत द्या, म्हणजे पुढं पाठवता येईल."

पुन्हा तीच सही.

रात्री जबाब मीच माझ्या कॉम्प्युटरवर टाईप केला. त्यात लिहिलं, ‘सदर विद्यार्थी माझ्या माहितीने व संमतीने माझ्या घरात राहत होता.’ हे वाक्य मी मुद्दाम तसं लिहिलं. परदेशी माणूस घरात ठेवला आणि पोलिसांना कळवलं नाही, हा दोष मग माझ्या एकट्यावर आला नसता.

माळेगाव

सकाळी सातच्या एसटीने निघालो. मंगलने दशम्या बांधून दिल्या. यासिरने टोपी डोळ्यांवर ओढली आणि खिडकीशी बसला. दहा महिन्यांत पहिल्यांदा तो गावाबाहेर पडत होता. लोह्यापर्यंत टोपी वर केली नाही. मग शेतं सुरू झाली: काळी रानं, पिवळी पडत चाललेली तूर, हरभरा, आणि मधूनमधून कमरेएवढी हिरवी ज्वारी. तो काचेला नाक लावून बघू लागला.

लोह्याच्या पुढे माळेगावची यात्रा भरलेली असते, खंडोबाची. मोठा जनावरांचा बाजार. घोडे, गाढवं, लाल कंधारी बैल, शिकारी कुत्री आणि थोडे उंटसुद्धा. रस्ता माणसांनी आणि भंडाऱ्याने पिवळा झाला होता. आमची बस गर्दीत जी अडकली, ती हलेना. बंदोबस्ताचे दोन पोलीस अगदी खिडकीखाली उभे होते. यासिर सीटवर खाली खाली सरकत गेला. मी म्हणालो, "चल, खाली उतरू. गर्दीत कोण कुणाला बघतं?"

उतरलो, आणि पाच मिनिटांत हा पोलिसांना विसरला. कारण समोर उंट होता. एक पागोटेवाला मामा गिऱ्हाइकाला सांगत होता, "चार वरसाचा हाय, एकदम जवान." यासिर सरळ पुढे गेला, उंटाच्या मानेवरून हात फिरवला, काहीतरी त्यांच्या भाषेत पुटपुटला आणि त्याने उंटाचं तोंड उघडून दात पाहिले.

"सात वर्षं," तो मोठ्याने म्हणाला. "चार नाही. मामा, तुम्ही चुकून राहिले."

"आरं हळू बोल की बाबा!" मामा दात-ओठ खात कुजबुजला. "गिऱ्हाईक हुबं हाय!"

गिऱ्हाईक हसत हसत निघून गेलं. मामाने कपाळावर हात मारला, पण नंतर त्यालाही हसू आलं. "दातावरनं वय वळखतंय पोरगं. कुठलं गाव म्हनायचं?"

यासिरचं हसू तिथेच थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. गाव विचारलं की तो असाच माझ्याकडे बघायचा. मी म्हणालो, "आमच्या घरचाच आहे." मामाने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मान डोलावली. आमच्याकडे याच्या पुढचं विचारत नाहीत.

मागे वळलो तर बस नव्हती. गर्दी फुटली होती आणि कंडक्टरने डबल घंटी मारली होती. दशम्या बसबरोबर लातूरला गेल्या. फाईल काखेत होती म्हणून वाचली. तासभर थांबून एक काळी-पिवळी जीप मिळाली. आत चौदा माणसं होती, आम्ही सोळा झालो. यासिरचे गुडघे एका म्हातारीच्या बोरांच्या टोपलीत. तिने चार बोरं त्याच्या हातावर ठेवली आणि मला विचारलं, "कुठवर?"

"लातूर. भावाकडं. जरा सहीचं काम आहे."

"आज?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "आज येळवस हाय की रं बाबा! लातुरात काळं कुत्रं भेटायचं न्हाई तुला."

आख्खी जीप हसली. मी मात्र गार पडलो. माझा जन्म लातूरच्या मातीतला. वेळ अमावस्येला, आमच्या बोलीत येळवशीला, घरात कुणी राहत नाही. गावंच्या गावं शेतात जातात, रब्बीच्या उभ्या पिकाची पूजा करतात, तिथेच जेवतात. त्या दिवशी शेतात जो येईल तो पाहुणा. ओळख असो-नसो, वैर असो, जेवल्याशिवाय त्याला जाऊ देत नाहीत. मंगल हिंगोलीकडची, तिच्या माहेरी हे नसतं. ती विसरली तर नवल नाही. पण मी? माळेगावची यात्रा डोळ्यांनी पाहूनही अवस आली आहे हे मला सुचलं नाही. सहा वर्षं शेतात पाय नाही ठेवला की माणूस तिथीसुद्धा विसरतो.

लातूर

म्हातारीचं खरं निघालं. लातूर म्हणजे एरवी कानठळ्या बसवणारं गाव: डाळ मिलच्या चाळण्या, आडतीवरची हमालांची ओरड, क्लास सुटला की एका रस्त्यावर हजार सायकली. त्या दिवशी साडेबाराला भर रस्त्यात उभं राहिलं तर आपल्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. दुकानांची शटरं खाली. क्लासच्या गल्लीत फक्त पाट्या. यासिर हळूच म्हणाला, "काका, लोक कुठं पळाले? काय झालं?"

त्याच्या आवाजावरून मला कळलं की ओस पडलेलं गाव त्याने दुसऱ्या कारणाने पाहिलेलं आहे, निदान फोनमध्ये. मी घाईने म्हणालो, "कुणी पळालं नाही रे. सगळे जेवायला गेलेत." त्याचा विश्वास बसला नाही.

दादाच्या घराला कुलूप होतं. चौकात एकच ऑटो उभा होता आणि ऑटोवाले चाचा त्यात पाण्याची कॅन चढवत होते. मी विचारलं तर हसले. "अजी, आज कौन सवारी लेता? मैं बी खेत कू जा रऊं. पाटलाचं बोलावणं हाय, तीस साल का." मग आमच्या गावाचं नाव ऐकून म्हणाले, "मेरेच रस्ते पे हाय. बैठो."

लातूर सोडलं आणि यासिरला कळलं की मी खरं सांगत होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक रानात माणसं. झाडाखाली सतरंज्या, कडब्याच्या पेंढ्यांच्या छोट्या खोपी, झोके बांधलेले, पतंग, धूर. ऑटो जरा हळू झाला की बांधावरून हाका यायच्या, "या की जेवायला!" यासिर प्रत्येक हाकेला चाचांकडे बघायचा. "हे तुमचे ओळखीचे?" चाचा म्हणाले, "नै बेटा. आज सब ओळखी के."

दादाच्या बांधापाशी चाचांनी आम्हाला सोडलं.

दादाचं शेत

माझे पाय बांधावरच थांबले. कडुलिंबाच्या झाडाखाली वहिनी दिसल्या. कडब्याची खोप होती, तिच्यात चुना-कावेने रंगवलेले पाच दगड, म्हणजे आमचे पाच पांडव. खोपीसमोर दादा उकिडवा बसला होता. केस पूर्ण पांढरे झालेले. त्याने मान वर केली. मला पाहिलं. नजर तशीच पुढे यासिरवर गेली.

"पावणे आलेत," तो वहिनींना म्हणाला. "पत्रावळ्या मांड." आणि यासिरला, "या. पाय धुवा. लई उशीर केला."

माझ्याशी एक शब्द नाही. पण माझीही पत्रावळ मांडली गेली. त्या दिवशी तिथून कुणाला परत पाठवता येत नाही, हे दादाला माहीत होतं आणि मलाही. मी त्याचाच फायदा घेऊन जेवायला बसलो.

ज्यांनी येळवशीचं जेवण केलं नाही त्यांना काय सांगू! भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. तूर, हरभरा, वाटाणा, वाल, शेंगा, पालेभाज्या, जे जे शिवारात असेल ते सगळं ताकात कालवलेल्या बेसनात शिजवतात. त्यात कुस्करायला ज्वारी-बाजरीचे वाफवलेले उंडे. वर कांद्याची पात, शेंगदाण्याची चटणी, गुळाची गव्हाची खीर. आणि मातीच्या बिंदग्यातलं, गारेगार, आंबटसर आंबील: ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं. वहिनींनी यासिरच्या पेल्यात ते ओतलं. तो एक घोट प्यायला आणि थांबला. पुन्हा पेला नाकाशी नेला.

"आवडलं न्हाई व्हय लेकरा?" वहिनींनी विचारलं.

"काकू," तो म्हणाला, "हा वास आमच्या घराचा आहे." मग सांगू लागला. त्यांच्याकडे सगळा मुलूख ज्वारीचा. तिला दुरा म्हणतात. आई रात्री पीठ भिजवून आंबवते, सकाळी तव्यावर कागदासारखी पातळ भाकरी पसरते. ती उठायच्या आधी घरभर हा वास सुटलेला असतो. बोलता बोलता त्याने पेला पुन्हा वहिनींपुढे धरला.

दादाचे डोळे मोठे झाले. "तिकडं बी ज्वारी? केवढी हुती? पाखरं खात्यात का?"

"लई खातात दादा! लहानपणी मी डबा वाजवून हाकलायचो."

"आन् मी गोफणीनं!" दादा उठलाच. जेवण अर्धं टाकून तो यासिरला उभ्या ज्वारीत घेऊन गेला. दोघं कणसं चोळून बघत होते. दादाचं बोलणं मला ऐकू येत होतं, "ह्ये बघ, अजून दूध भरायचंय."

वहिनी माझ्यापुढे बसल्या. "भावजी, नुसतं जेवायला तर आला न्हाईत."

मी फाईल दाखवली. त्यांनी ती हातात घेतली नाही. म्हणाल्या, "सहा वरसं झाली, ह्यांनी पिकावर आंबील एकट्यानं शिंपलं. पुढं बी हेच आरडत्यात, मागून जबाब बी हेच देत्यात. गडी लावा म्हनलं तर न्हाई म्हनले. ती शिवाची जागा हाय म्हनले."

मी फाईल परत मांडीखाली सारली.

दादा परत आला तेव्हा वहिनींनीच सांगितलं, "भावजींनी कागद आनलाय. पोराला आईकडं जायचंय, तुमची सही पायजे." दादाने हात पुसले, चष्मा लावला आणि ओळीवर बोट फिरवत वाचू लागला. बोट मध्येच थांबलं.

"‘माझ्या माहितीने व संमतीने.’" त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "शिवा, मला कवा माहिती व्हतं?"

मी म्हणालो, "तसंच लिहावं लागतं, दादा." तिथेसुद्धा मी खोटंच बोललो.

यासिरला वाटलं, दादा पुन्हा नकार देतो आहे. तो दादाच्या समोर मांडी घालून बसला आणि फार अदबीने म्हणाला, "दादा, त्या वेळी तुम्ही सही नाही दिली, मला राग नाही. तुमचं घर आहे. पण आता द्या. माझी आई बीमार आहे."

"त्या येळी?" दादाने विचारलं. "कोन्त्या येळी?"

"व्हिसा संपायच्या आधी. काका तुम्हाला चार वेळा विचारले."

दादाने चष्मा काढला. मी यासिरला असं खरंच सांगितलं का, एवढं तरी त्याने मला विचारायला हवं होतं. त्याने विचारलं नाही. मला एक सोपी वाट दिसत होती: ‘गडबडीत राहून गेलं’ म्हणायचं. दादाने तेही चालवून घेतलं असतं, पाहुण्यासमोर.

मी म्हणालो, "यासिर, मी दादाला कधीच विचारलं नाही. एकदाही नाही. याला फोन करायची मला लाज वाटत होती आणि खोलीची भीती वाटत होती. भाऊ सही देत नाही हे मी तुला खोटं सांगितलं. तुझी मुदत माझ्यामुळं संपली."

यासिरने उठून पेल्यातलं उरलेलं आंबील संपवलं आणि बांधाकडे तोंड करून उभा राहिला. वहिनी पदराला हात पुसत राहिल्या.

दादा उठला. घोंगडं अंगावर घेतलं, बिंदगं उचललं. काही शेतांत आंबील जेवणाआधी शिंपतात; आमच्याकडे पाहुण्यांची पंगत उठल्यावर. त्याने चपला काढल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चल. शिंपायचं ऱ्हायलंय."

मीही अनवाणीच उठलो. पुढे चालणारा डहाळीने आंबील पिकावर शिंपडत ओरडतो, "ओलगेऽ ओलगे!" आणि मागचा जबाब देतो, "सालम पोलगे!" याचा अर्थ आम्हाला कुणालाच नीट माहीत नाही, कानडीतून आलंय म्हणतात. दादाने पहिली हाक दिली. माझा आवाज फुटला नाही. तो थांबला. पुन्हा हाक दिली. या वेळी माझ्या तोंडून काहीतरी निघालं. तिसऱ्या हाकेला माझ्या मागून आणखी एक आवाज आला. यासिर बूट हातात घेऊन आमच्या मागे चालत होता.

शेताला फेरा घालून खोपीपाशी आलो. दादा म्हणाला, "आता दुसरा कागद लिही. जे झालं ते लिही. मग सही करतो."

मी कडब्याच्या पेंढीवर बसून, टाईप केलेल्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने लिहिलं: घराच्या मालकाला काहीही माहीत नव्हतं, या विद्यार्थ्याने मुदतीआधी कागद मागितला होता, तो मी दिला नाही, पोलिसांना मी कळवलं नाही. वारा होता. यासिरने कागदाची दोन टोकं दाबून धरली होती. माझी सही झाली. खाली दादाने ‘वरील मजकूर वाचला, सदर घर माझे आहे’ असं लिहून आपली सही केली, सावकाश, एकेक अक्षर काढत. निघताना वहिनींनी यासिरच्या हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी दिली. "तुझ्या मायला दे. म्हनावं, लातूरची हाय."

परत

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी आणि मी शेजारी. अहमदपूर गेलं. माळेगावच्या यात्रेतले पाळणे दिसून गेले. माफी मागायला मी तोंड उघडलं की तो बाहेर बघायचा. लोह्याच्या अलीकडे तो स्वतःच बोलला.

"काका, मी वर्षभर दुआ करून राहिलो. तुमच्या भावाचं मन नरम होऊ दे म्हणून."

मी मान खाली घातली.

"चुकीच्या माणसासाठी केली," तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "पण पोचली."

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या बाईंनी कागद उलटून पालटून पाहिला. "हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत? तुमच्यावर नोंद होईल." मी म्हणालो, होऊ द्या. झाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. यासिरला निघायची परवानगी महिना संपायला चार दिवस असताना मिळाली. पण त्याच वेळी हेही कळलं की मुदतीबाहेर राहिल्याची नोंद त्याच्या नावावर राहील, आणि त्याला पुन्हा इथे यायचं झालं तर सहजी येता येणार नाही. ते ऐकून मंगल जिन्यातच बसली. ती त्याला म्हणत होती, पुढच्या उन्हाळ्यात आंब्याला ये.

नांदेडच्या स्टेशनवर तो टोपी न घालता चालला. हैदराबादच्या गाडीत चढताना दारात एक पोलीस उभा होता. यासिरने त्याला विचारलं, "साहेब, हाच डबा ना?" मी तेवढंच लक्षात ठेवलं आहे.

या वर्षीच्या येळवशीला मी आणि मंगल आदल्या दिवशीच लातूरला गेलो. डाळी दादाने निवडून ठेवल्या होत्या. वहिनींनी मंगलला उंडे वळायला शिकवलं आणि तिचे वाकडे उंडे बघून दोघी हसत बसल्या. दुपारी दादाने बिंदगं उचललं, मी मागे उभा राहिलो. तेवढ्यात कैरोहून फोन आला. यासिरची आई आता बरी आहे. आमचं पीठ तव्याला चिकटतं म्हणाली, तरी सगळं संपवलं. यासिर म्हणाला, "काका, फोन बंद करू नका. खिशात ठेवा."

मी फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला. दादाने हाक दिली, "ओलगेऽ ओलगे!" मी जबाब दिला. दोन पावलं चाललो, आणि मग खिशातून, जरा मागे पडलेला, त्याचा आवाज आला. पुढच्या हाकेलाही तसंच. मी दादाला म्हणालो, "फोनचं असंच असतं. उशिरा येतं."

दादा मागे न बघता म्हणाला, "येऊ दे उशिरा. तू चालत ऱ्हा."